भावाच्या जबड्यात अमेलोब्लास्टोमा निघालाय. एक डॉक्टर म्हणतात खरवडू, दुसरे म्हणतात जबडाच कापू. काय करावं?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय २६, कराडजवळ गावी असतो, ट्रॅक्टरच्या शोरूममधे कामाला आहे. गेले पाच-सहा महिने उजव्या बाजूला, कानाच्या खाली जबडा वळतो तिथं टणक फुगवटा आलेला. दुखत काहीच नव्हतं म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही, आई म्हणायची अक्कलदाढ येत असेल. मग मागची दाढ हलायला लागली तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे गेला, त्यांनी आधी गोळ्यांचा कोर्स दिला, सूज तसूभर उतरली नाही म्हणून ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्सरे, काढायला लावला आणि तो बघितल्या बघितल्या म्हणाले हे माझ्याकडचं काम नाही, मोठ्या ठिकाणी दाखवा.

ओपीजीत अक्कलदाढ पार खाली जबड्याच्या कडेला ढकललेली दिसते, तिच्याभोवती काळे काळे कप्पे आहेत आणि तिच्या पुढच्या दोन दाढांची मुळं कुणी खाल्ल्यासारखी आखूड झालीत. तोंडातूनच छोटा तुकडा काढून बायोप्सी केली. रिपोर्टमधे युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात की हे मत मिळालेल्या तुकड्यापुरतं आहे. कॅन्सर नाही म्हटल्यावर घरी पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

पण आता पुढं घोळ असा की एक सर्जन म्हणतात साधी गाठ आहे, आतून खरवडून काढू, वर औषध लावू, दोन दिवसांत घरी. दुसरे म्हणतात जबड्याचा तेवढा भाग कापायला लागेल आणि पायाचं हाड काढून तिथं बसवायला लागेल, आठ-दहा तासांचं ऑपरेशन. साधी गाठ असेल तर एवढं कशाला? आणि एवढं करायचं असेल तर साधी कशाला म्हणायचं? भावाचं लग्न जमत आलंय, आई रडतेय की पोराचा चेहरा जाणार. भाऊ म्हणतो खरवडूनच घेतो, परत आलं तर बघू तेव्हा. कुणाला अनुभव असेल, कुणी यातलं जाणकार असेल तर प्लीज सांगा.

आजीचा_बटवा
ताई कापाकापी अजिबात करू नका. एरंडेल कोमट करून बाहेरून लावा नि मिठाच्या पुरचुंडीनं शेक द्या, रोज सकाळी हळद-मध. आमच्या शेजाऱ्यांची गालावरची गाठ अशीच बसली.

जबडेदुरुस्ती
बटवा, ती गाठ पुवाची असणार, पू निचरला की बसते. ही हाडाच्या आतली आहे, शेकानं गाल भाजेल फक्त.

कोयनाकाठ ताई, मी तोंड आणि जबड्याचा सर्जन आहे, ओपीजी न बघता पक्कं मत देणार नाही पण तुमचा प्रश्न एकदम बरोबर ठिकाणी अडलाय म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही डॉक्टर वेगवेगळं सांगतायत त्याचं कारण बहुतेक असं की ते दोन वेगवेगळे आजार डोक्यात धरून बोलतायत. अमेलोब्लास्टोमा हा दात घडवणाऱ्या पेशींच्या उरलेल्या अवशेषांपासून होणारा ट्यूमर, दुर्मिळच, वर्षाला दहा लाख माणसांत एखादा किंवा त्याहून कमी. दहातले आठ खालच्या जबड्यात, त्यातही जास्त करून मागे दाढांपाशी नि वळणावर. न दुखता हळूहळू वाढतो त्यामुळे सगळेच उशिरा येतात, तुमचा भाऊ काही वेगळा वागलेला नाही.

आता युनिसिस्टिक म्हणजे एकच पिशवी असलेला प्रकार. तो तरुण पोरांत जास्त होतो, बहुतेकदा अक्कलदाढेभोवती होतो, आणि एक्सरेत साध्या दाताच्या सिस्टसारखा दिसतो. यात पेशी नुसत्या पिशवीच्या आतल्या अस्तरात असतील किंवा आतल्या पोकळीकडे वाढलेल्या असतील तर खरवडून चालू शकतं. पण त्या पिशवीच्या भिंतीत घुसलेल्या असतील, ज्याला म्युरल म्हणतात, तर आम्ही त्याला नेहमीच्या अमेलोब्लास्टोमासारखंच वागवतो. आणि भिंतीचं काय झालंय हे चण्याएवढ्या तुकड्यावरून कसं कळणार? म्हणून तर पॅथॉलॉजीवाल्यांनी खाली ती बारीक ओळ लिहिलीय. त्या ओळीला माझ्या मते वरच्या निदानाइतकंच महत्त्व आहे.

दुसरं, तुम्ही काळे काळे कप्पे म्हणताय. अनेक कप्पे, साबणाच्या फेसासारखं चित्र, मुळं खाल्लेली, हे सगळं एका पिशवीपेक्षा नेहमीच्या प्रकाराकडे बोट दाखवतं. अर्थात ओपीजी हा सपाट फोटो, त्यात एका पिशवीच्या भिंतीच्या उंचवट्यामुळे पण कप्पे असल्यासारखं दिसू शकतं. म्हणून चेहऱ्याचा सिटी स्कॅन करून घ्या. हाड आतून आणि बाहेरून दोन्हीकडे फुगलंय का, हाडाचा पातळ पत्रा फुटून गाठ मांसात आलीय का, जबड्याची खालची कड किती शिल्लक आहे, हे सिटीत कळतं. खालची कड साधारण एक सेंटिमीटर चांगली उरत असेल तर कधीकधी जबडा अखंड ठेवून वरचाच भाग कापता येतो, मग पायाच्या हाडाची गरज पडत नाही.

कॅन्सर नसताना एवढं कशाला, याचं उत्तर. हा ट्यूमर हरळीसारखा वागतो, वर दिसतो त्यापेक्षा जास्त जमिनीत असतो. हाडाचा आतला भाग जाळीदार असतो, त्या जाळीच्या पोकळ्यांत त्याच्या पेशी एक्सरेतल्या कडेच्या पुढे काही मिलिमीटर, कधी आठपर्यंत गेलेल्या सापडल्यात. खरवडल्यावर जे औषध लावतात, कार्नॉय सोल्यूशन, ते पाच मिनिटांत हाडात दीडेक मिलिमीटर उतरतं. आता हिशोब तुम्हीच करा. म्हणून नेहमीच्या प्रकारात दिसणाऱ्या कडेपासून एक ते दीड सेंटिमीटर चांगलं हाड घेऊन कापतात. नुसतं खरवडलेल्यांत तो परत येण्याचं प्रमाण बऱ्याच रिपोर्टमधे निम्म्याच्या वर आहे, नीट कापलेल्यांत साधारण दहात एक किंवा कमी. आणि परत येतो तेव्हा कधी हाड सोडून मांसात येतो, ते निस्तरणं पहिल्यापेक्षा फार अवघड. "परत आलं तर बघू" यातला तोटा हा आहे.

जबडा कापणारे सर्जन पैशासाठी सांगतायत असं मनात असेल तर काढून टाका, आणि खरवडू म्हणणारे चुकीचेच आहेत असंही मी म्हणणार नाही, त्यांच्या डोक्यात खरंच एक पिशवी असेल. दोघांनाही एकच विचारा, तुम्ही हा कुठला प्रकार धरून चालताय आणि कशावरून.

स्लाइडवाली
मी ओरल पॅथॉलॉजीत आहे, डॉक्टरांनी लिहिलंय त्यात थोडी भर. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमधे ठेवलेला असतो आणि त्याच्या काचेच्या स्लाइड असतात. लॅबला अर्ज देऊन दोन्ही मागा, पेशंटला मिळतात. दाताच्या सरकारी कॉलेजात ओरल पॅथॉलॉजीचा स्वतंत्र विभाग असतो, मुंबईचं सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, नायरचं डेंटल, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, किंवा परळचं टाटा. यातल्या कुठंही ब्लॉक आणि स्लाइड दाखवून दुसरं मत घ्या. सोबत ओपीजी आणि सिटीची सीडी न्यायचीच, कारण आम्ही स्लाइड एकटी वाचत नाही, एक्सरे बघितल्याशिवाय जबड्याचं निदान देणं म्हणजे अंधारात तीर. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या अर्जांवर वय नि "स्वेलिंग" एवढंच लिहिलेलं असतं, राग येतो हो.

आणखी एक, असं कप्प्याकप्प्याचं चित्र फक्त यातच दिसतं असं नाही. जबड्यातल्या दुसऱ्या गाठी पण तशा दिसतात, ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट, मिक्सोमा, जायंट सेल ग्रॅन्युलोमा. पॅराथायरॉईड ग्रंथी बिघडली तरी हाडात अशी पोकळी होते, ती रक्तातल्या कॅल्शियम नि पीटीएच, म्हणजे त्या ग्रंथीच्या हार्मोनवरून लक्षात येते. तुमच्या भावाच्या तुकड्यात अमेलोब्लास्टोमाच्या पेशी दिसल्यात म्हणजे हे बाकीचे मागे पडले, पण कुणी बायोप्सी न करता थेट ऑपरेशन करू म्हणालं तर वाचणाऱ्या बाकीच्यांनी हे लक्षात ठेवा. सुई घालून आधी ओढून बघतात तेही यासाठीच, आत नुसतं रक्ताचं जाळं असेल तर चाकू लावणं महागात पडतं.

कोयनाकाठ
दोघांचेही खूप आभार, पहिल्यांदाच कुणीतरी नीट समजावलं. भावाला वाचून दाखवलं, तो हिशोबाच्या ओळीवर गप्प झाला. सिटीची तारीख घेतलीय. कुणी स्वतः यातून गेलंय का? आईला खरं खरं सांगायचंय, डॉक्टरांच्या तोंडून ऐकून तिचं समाधान होत नाही. आणि तंबाखूचं पण सांगा, हा मावा खातो.

संत्रानगरी
मी गेलेय. माझी डावी बाजू. कॉलेजात असताना एका ठिकाणी खरवडून घेतलं होतं, तेव्हा घरी सगळ्यांना तेच बरं वाटलं, मलाही. नंतर कित्येक वर्षं काही नाही, मुलगी झाली, संसार चालू, आणि मग ब्रश करताना हिरडीला फुगवटा लागला. दुसऱ्यांदा जबडा कापून पायातलं हाड बसवलं. तुमच्या भावानं काय करावं हे मी सांगणार नाही, ते डॉक्टर सांगतील, पण काय काय होतं ते सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

नडगीच्या शेजारचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड काढतात, फिब्युला. गुडघ्यापाशी नि घोट्यापाशी थोडं थोडं ठेवतात, मधलं घेतात, त्यामुळे पाय लंगडा होत नाही. ते हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात, म्हणून एवढा वेळ लागतो. आधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन करतात. माझ्या वेळी सिटीवरून जबड्याचं प्लास्टिकचं मॉडेल छापून त्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवली होती, त्यामुळे हनुवटीची ठेवण सरळ राहिली.

पहिले काही दिवस वाईट असतात, खोटं कशाला बोलू. चेहरा भोपळ्यागत सुजतो, आरशात बघू नका म्हणावं. नाकातून नळी, त्यातून ताक, पेज, पातळ वरण. सिस्टर तासातासाला येऊन हाडासोबत तोंडात बसवलेली पायाची कातडी बघायची, रंग बदलला की जोडलेली वाहिनी बंद पडली समजतात आणि रातोरात परत ओटीत नेतात, त्यामुळे त्या रात्री झोप कुणालाच नसते. माझं सुरळीत झालं. वॉकर धरून आठवड्याभरात चालायला लावलं. पायाचा अंगठा पूर्वीसारखा वाकत नाही, चप्पल घालताना जाणवतं, बाकी गरबा खेळते मी.

कायमचं म्हणाल तर खालचा ओठ नि हनुवटी एका बाजूला बधिर आहे. त्या ट्यूमरमधूनच ओठाची नस जाते, ती वाचली नाही. चहा ओघळला तर कळत नाही, रुमाल हातात ठेवायची सवय झालीय. नस वाचवता येईल का किंवा दुसरी नस जोडता येईल का हे आधी विचारा. व्रण मानेच्या घडीत गेलाय, बाई असूनही मला लपवायला काही लागत नाही, आईंना हे नक्की सांगा. दात मात्र लगेच मिळत नाहीत. हाड जुळल्यावर इम्प्लांट बसवले, त्याला वेगळा खर्च नि वेगळा धीर लागला. आणि भाऊ पुरुष आहे म्हणून सांगते, पायाची कातडी तोंडात लावली तर तिथं केस येऊ शकतात, आमच्या वॉर्डातले एक काका चिमट्यानं काढत बसायचे, हसू नका, कुणी सांगत नाही हे.

जबडेदुरुस्ती
संत्रानगरी ताई, हे आम्ही पेशंटला सांगायला पाहिजे आणि सांगत नाही, खरंय. केसांवर लेझर करता येतं नंतर.

मावा आजपासून बंद, चर्चा नाही. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आखडतात, जखम भरत नाही आणि जोडलेलं हाड मरायची भीती वाढते. ट्यूमर तंबाखूमुळे झालेला नाही हे पण सांगा त्याला, नाहीतर घरचे तेच बोलून बोलून पोराला खातील. मात्र सुपारीनं तोंड कमी उघडत असेल तर ते आधी तपासायला हवं, भूल देणाऱ्यांना तोंड उघडलेलं लागतं. त्याची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा.

बे_एरियातला_बंड्या
मी औषध कंपनीत आहे, डॉक्टर नाही, पण यात एक नवीन वळण आहे ते कुणी लिहिलं नाही. २०१४ मधे कळलं की बऱ्याच अमेलोब्लास्टोमामधे, विशेषतः खालच्या जबड्यातल्या, ब्राफ नावाच्या जीनमधे एक ठराविक बदल असतो, व्ही६००ई, तोच जो मेलानोमात, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरमधे सापडतो. त्यावर गोळ्या आधीच बाजारात होत्या, डॅब्राफेनिब वगैरे. त्या दिल्यावर मोठे मोठे ट्यूमर आकसल्याच्या केस छापून आल्यात, आणि इस्राएलमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी गोळ्या देऊन जबडा वाचवायचे प्रयत्न केलेत. अमेरिकेत २०२२ मधे डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी हा बदल असलेल्या, कापता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या ट्यूमरांना मंजूर झाली. मग तुमच्या भावाला गोळ्याच का नकोत?

जबडेदुरुस्ती
चांगला मुद्दा काढलात बंड्याभाऊ, पण मंजुरीतले शब्द तुम्हीच लिहिलेत, "कापता न येणाऱ्या". २६ वर्षांच्या पोराचा कापता येणारा ट्यूमर आहे. गोळ्या बंद केल्यावर काय होतं याचा लांबचा अनुभव अजून थोडा आहे, ताप, अंगावर पुरळ, हृदयावर लक्ष ठेवणं हे सगळं आलं, आणि महिन्याचा खर्च ऐकलात तर ऑपरेशन स्वस्त वाटेल. वरचा जबडा, डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेलेला, तीनदा परत आलेला, अशांना मी नक्की विचारेन. टेस्ट त्याच ब्लॉकवर होते, करून फाइलमधे ठेवायला हरकत नाही, पुढे कधी लागली तर. रेडिएशनचं पण कुणी सांगेल, ते यात पहिला उपाय म्हणून देत नाहीत.

फाइलबहाद्दर
मेडिकलचं वर बरंच झालं, मी पैशाचं बोलतो, क्लेमच्या कामात आहे. खासगी पॉलिसी असेल तर सगळ्यात मोठा धोका म्हणजे कागदावर "डेंटल" शब्द दिसला की क्लेम नाकारतात, कारण दाताचे उपचार बहुतेक पॉलिसीत वगळलेले असतात. डिस्चार्ज कार्डवर आणि कॅशलेसच्या फॉर्मवर जबड्याच्या हाडाचा ट्यूमर असं स्पष्ट लिहून घ्या, कोड डी १६.५, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाची साधी गाठ. बायोप्सी रिपोर्ट सोबत जोडा. इम्प्लांटचे दात मात्र बहुतेक खिशातूनच धरून चला.

पॉलिसी नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला रिपोर्ट दाखवून विचारा की जबडा कापणं आणि हाड बसवणं या दोन्हीचं पॅकेज या हॉस्पिटलला आहे का, कारण एक असतं नि दुसरं नसतं असं होतं, आणि मग लोक अर्ध्यात अडकतात. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकच आहे ना बघा, स्पेलिंगवरून पण अडतं.

कोयनाकाठ
अपडेट देते, उशीर झाला. सिटी झाला. हाड दोन्हीकडून फुगलंय, आतल्या बाजूला पत्रा एका ठिकाणी फुटलाय, खालची कड जेमतेम राहिलीय. ब्लॉक आणि स्लाइड मुंबईला दाखवल्या, त्यांनी नेहमीचा अमेलोब्लास्टोमा, फॉलिक्युलर पॅटर्न असं लिहून दिलं, युनिसिस्टिक नाही. हे सगळं घेऊन खरवडू म्हणणाऱ्या सर्जनकडेच परत गेलो. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले हे असेल तर मी पण कापायलाच सांगेन, आणि माझ्याकडे रक्तवाहिनी जोडणारी टीम नाही, तिकडेच करा. बरं वाटलं त्यांच्याबद्दल.

तर कापायचं ठरलं. योजनेत बसतंय, आरोग्यमित्रानं दोन्ही पॅकेज आहेत म्हणून सांगितलं. मावा सोडलाय, चिडचिड करतो पण सोडलाय. तीन बोटं जातात तोंडात. मुलीकडच्यांना सगळं खरं सांगितलं, ते म्हणाले आधी ऑपरेशन होऊ दे, तारीख पुढं ढकलू, आईचं अर्धं दुखणं तिथंच गेलं. संत्रानगरी ताई, तुमचं लिहिलेलं आईला दोनदा वाचून दाखवलं, गरब्याच्या ओळीला ती हसली.

शेवटचं विचारते. एकदा कापल्यावर सुटला का तो? आणि ऑपरेशनच्या वेळी सगळं निघालं की नाही हे तिथल्या तिथं कळतं का?

स्लाइडवाली
दुसऱ्याचं मी सांगते. मऊ मांसाचा तुकडा गोठवून लगेच बघता येतो, पण हाड असं कापता येत नाही, ते आधी ॲसिडमधे मऊ करायला लागतं, त्याला दिवस जातात. म्हणून काढलेल्या जबड्याचा टेबलावरच एक्सरे काढून कड पुरेशी आहे का बघतात. खरा रिपोर्ट नंतर येईल, त्यात हाडाच्या दोन्ही टोकांबद्दल स्पष्ट लिहिलंय का ते वाचा, नसेल तर लॅबला फोन करा.

जबडेदुरुस्ती
सुटला असं कागदावर मी कुणालाच लिहून देत नाही. परत यायचा असेल तर बरेचसे पहिल्या पाच वर्षांत येतात, पण दहा-पंधरा वर्षांनी आलेले पण आहेत. सुरुवातीला सहा-सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षाला एकदा ओपीजी, दुखो न दुखो. क्वचित फुप्फुसात गेलेला सापडतो, त्यामुळे छातीचा एक्सरे सांगितला तर घाबरू नका. आणि पहिला ओपीजी, सिटीची सीडी, दोन्ही बायोप्सी रिपोर्ट, ऑपरेशनची नोट, हे सगळं एका फाइलमधे ठेवून त्याचे मोबाइलवर फोटो काढून तुमच्याकडेही ठेवा, भावाकडे राहिलं तर पाच वर्षांनी सापडणार नाही. ऑपरेशन झालं की इथं कळवा.

कोयनाकाठ
हो कळवते. फाइल माझ्याकडेच ठेवते, त्याच्याकडे स्वतःचं लायसन पण सापडत नाही.